पिन सरळ बसली का

आज राखेचा बुधवार. सकाळच्या मिस्सेला फादरांनी कपाळावर राख लावली, आणि परत येताना वाडीच्या वाटेवर आंब्याच्या मोहोराचा तो जाड, गोडसर वास आला. थंडी अजून पुरती गेलेली नाही. पहाटे केळीच्या पानांवरून दव टपटपतं, आणि दहा वाजले की शर्टाची कॉलर ओली होईल असं ऊन पडतं. आगाशीच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथे उपवासकाळ सुरू झाला की माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. लग्नं थांबतात, बँड थांबतो, शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाच्या वाटेला निघालेल्या बायकांच्या चपलांचा आवाज तेवढा रस्त्यावर येतो. माझी आई या दिवसांत रेडिओवर पांढरं फडकं घालून ठेवायची. ते फडकं ईस्टरला निघायचं. आई गेली, भाऊ इनास गेला, घरात मी एकटी राहिले, पण फडक्याची सवय राहिली.

हे दिवस आले की मला एकच उपवासकाळ आठवतो. फार जुना नाही. माझ्या केसांतला शेवटचा काळा रंग तेव्हा जात होता, आणि आमच्या घरी रोज सकाळी कुणीतरी येत होतं.

त्याआधी माझं काम सांगायला हवं. तरुणपणी मी वसई पूर्वेच्या एका गाळ्यात रेकॉर्ड प्लेअरच्या पिना बनवायचे. बाहेरचे लोक सुई म्हणायचे, आम्ही पिन. तांदळाच्या दाण्याहून बारीक अशी अ‍ॅल्युमिनियमची नळी घ्यायची, तिचं टोक चपटं करायचं, त्याला भोक पाडायचं आणि त्या भोकात हिऱ्याची कणी उभी बसवायची. कणी म्हणजे खसखशीच्या दाण्यालाही मोठं म्हणावं लागेल अशी. चिमट्यातून सुटली की गेली. मग सगळे श्वास धरून जागच्या जागी थांबायचे, कारण कुणी शिंकलं तर हिरा झाडूबरोबर बाहेर. मायक्रोस्कोपला आम्ही दुर्बीणच म्हणायचो. तिच्यात डोळा घातला की ती कणी देवळाच्या कळसाएवढी दिसायची.

गाळ्याचे शेठ म्हातारे होते आणि बोलके. त्यांच्या आजोबांनी हा धंदा पोलादी सुयांपासून सुरू केला होता. तार कापायची, चाकावर धरून टोक काढायचं, लाल होईपर्यंत तापवायची, तेलात बुडवायची, मग लाकडाच्या भुशाबरोबर पिंपात घालून दिवसभर फिरवायची, की लख्ख व्हायची. एक सुई रेकॉर्डच्या एका बाजूला पुरायची. गाणं संपलं की सुई फेकायची आणि नवी लावायची. शेठ सांगायचे की जुन्या काळ्या रेकॉर्डमध्ये दगडाची पूड घातलेली असायची, ती मुद्दामच. सुई फिरता फिरता रेकॉर्ड तिला घासून आपल्या खाचेच्या मापाची करून घ्यायची. झिजायचं ते सुईनं. युद्धाच्या दिवसांत पोलाद मिळेना तेव्हा लोकांनी काटे लावले, बांबूच्या कामट्या लावल्या. आवाज मऊ यायचा म्हणे, शेजारच्या खोलीत कुणी गुणगुणतंय असा. पुढे नव्या रेकॉर्डी आल्या आणि नीलमण्याच्या पिना आल्या, मग हिऱ्याच्या. आता पिन झिजेना. थोडी वाकडी बसली तर उलट तीच रेकॉर्ड कुरतडायला लागली. म्हणून हिरा आल्यापासून सगळा भार सरळपणावर आला.

गाळ्यात एक नियम होता. जिनं पिन बसवली तिनं ती तपासायची नाही. कणी डावीकडे कलली असेल तर बसवताना आपली मानही नकळत तेवढीच कललेली असते, आणि आपल्याला ती सरळच दिसते. दुसरा डोळा हवा. माझा दुसरा डोळा होती सुलभा.

सुलभा जूचंद्रची. आगरी घरातली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. त्यांच्या गावात रांगोळीचे हात घरोघर आहेत. तिच्या बोटांनाही ती सवय होती. रांगोळीची चिमूट सोडताना मनगट हलवायचं नाही, श्वास सोडतानाच बोटं उघडायची, हे तिनंच मला शिकवलं. मी बसवायचे, ती बघायची. मग ती बसवायची, मी बघायचे. दिवसभर एका टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही डोकी वाकवून बसलेल्या असायचो आणि फार बोलायचो नाही. काम तसं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती तांदळाची भाकरी आणि सुकट काढायची, मी केळ्याची भाजी. तिच्या लग्नाला मी गेले, तिचा मुलगा झाला तेव्हा गेले. मग कॅसेटी आल्या, सीडी आल्या, आणि शेठनी एका दुपारी सगळ्यांना चहा पाजून गाळा बंद केला. आम्ही दोघी नायगावच्या फाट्यापर्यंत चालत गेलो. ती म्हणाली येत जा, मी म्हटलं तूही ये. दोघीही गेलो नाही. भांडण नव्हतं. घरं होती, आजारपणं होती. इनासचं दुखणं लांबलं. एवढ्यानंच माणसं सुटतात.

त्या वर्षी राखेच्या बुधवाराच्या थोडं आधी एक मुलगी पत्ता विचारत दारात आली. ऋतुजा तिचं नाव, तिशीच्या पुढची, विरारला फ्लॅटमध्ये राहणारी. नोकरी सोडून ती जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायची. शेठच्या सुनेकडून तिला माझं नाव मिळालं होतं. लोक पुन्हा रेकॉर्डी ऐकायला लागले आहेत हे मला तिच्याकडूनच कळलं. मी आधी हसले. तिनं पिशवीतून मोडक्या पिना काढून ओटीवरच्या पेपरावर मांडल्या. नळ्या शाबूत होत्या, कण्या गेलेल्या. “मावशी, अ‍ॅक्च्युअली या बाहेरून मागवायला महिने लागतात,” ती म्हणाली. “तुम्ही हिरा बसवून दिला तर मी सगळं सामान आणून देते.”

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन मला स्वच्छ दिसायला लागलं होतं. हात थरथरत नव्हते. पण मी तिला सांगितलं की एकटीला जमणार नाही, हे दोघींचं काम आहे. ती म्हणाली, मग दुसऱ्या कोण?

रविवारी मी तिच्याबरोबर जूचंद्रला गेले. मी पाहिलेलं गाव त्या गावाच्या आत कुठेतरी होतं. चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या होत्या. सुलभाचं घर मात्र तेच. ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. कपाळ मोकळं होतं, त्यावरून तिचा नवरा गेल्याचं मला कळलं. तिनं मान वर केली.

“ताय, मना वाटला व्हता तू गेलीस,” ती म्हणाली.

“कुठं?”

“देवाकरं.”

मग तिनं वालाची टोपली बाजूला सारून मला बसायला जागा केली. ऋतुजा बोलत होती, हिऱ्याबद्दल, कामाबद्दल. सुलभा ऐकत होती, पण तिनं माझा हात हातात घेतला होता आणि ती माझी बोटं एक एक करून वाकवून बघत होती. अजून चालतात का ते पाहत असावी.

दुसऱ्या आठवड्यापासून ती यायला लागली. गाडीनं विरार, तिथून आगाशीची बस. ऋतुजानं दोन जुन्या दुर्बिणी मिळवल्या होत्या. मागच्या पडवीत, जिथे इनास केळीचे लोंगर ठेवायचा, तिथे उत्तरेचा उजेड चांगला येतो. टेबल तिथे लावलं. पहिले काही दिवस काहीच जमलं नाही. कण्या उडाल्या. कणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ कधी जास्त पडला, कधी कमी. मी बसवलेली पहिली पिन सुलभानं दुर्बिणीखाली बघितली आणि काही न बोलता ती माझ्यापुढे उलटी ठेवली. गाळ्यातली आमची खूण होती ती. वाकडी पिन उलटी ठेवायची, तोंडानं बोलायचं नाही. इतक्या वर्षांनी ती उलटी पिन पाहून मला एवढं बरं वाटलं की मी उठून चहा टाकला.

पिन झाली की ती वाजवून बघावी लागते, आणि उपवासकाळात आमच्या घरात गाणं वाजत नाही. मी दोन दिवस त्याच विचारात होते. फादरांना विचारावं असं मनात आलं, पण काय विचारणार? शेवटी ऋतुजानं एक तपासणीची रेकॉर्ड आणली. तीत गाणं नव्हतंच. नुसता एक सूर, आधी डाव्या कानात, मग उजव्या, मग दोन्हींत. घुंऽऽ करून चालणारा. दोन्हीकडचा आवाज सारखा आला तर पिन सरळ. मी मनाशी ठरवलं की याला काही संगीत म्हणता येणार नाही. तरी पडवीचं दार लावून घ्यायचे. शेजारच्या कतरीनबाईंनी एकदा विहिरीवर विचारलंच की तुमच्याकडे सकाळपासून भुंगा शिरलाय का. मी हो म्हटलं. सुलभाला हे सांगितलं तर ती तोंडावर पदर धरून इतकी हसली की कणी उडेल म्हणून तिला टेबलापासून लांब जावं लागलं.

त्या दिवसांचं काय सांगू? घडलं असं फार काही नाही. सकाळी बसचा हॉर्न कोपऱ्यावर वाजायचा आणि मी आधण ठेवायचे. ती येताना कधी शेवग्याची फुलं आणायची, कधी मिठागराकडची निवट्या मासळी. उपवासकाळातल्या शुक्रवारी मी मासळी खात नाही, म्हणून त्या दिवशी आठवणीनं ती आणायची नाही. दुपारी आम्ही पडवीतच आडव्या व्हायचो. वर कौलांवर मोहोर गळायचा, तो वाळूसारखा बारीक वाजायचा. मी तिला इनासच्या शेवटच्या महिन्यांचं सांगितलं, जे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तिनं मला सांगितलं की नवरा गेल्यावर वर्षभर तिनं दारात रांगोळी घातली नाही, आणि नंतर घालायला बसली तर हाताला रेघ आठवेना. “हात इसरत नाय म्हनतात,” ती म्हणाली. “खोटा हाय. इसरतं.” मग तिनं उठून दुर्बीण पुसली.

होळीला ती दोन दिवस आली नाही. मी काम पुढे रेटलं, पण पिना नुसत्या बसवून ठेवल्या. तपासायला कुणी नव्हतं. त्या दोन दिवसांत मला पहिल्यांदा समजलं की आधी इतकी वर्षं हे घर किती शांत होतं. तोवर मी त्या शांततेला उपवासकाळ म्हणत होते, आणि ती तर बाराही महिने होती.

ईस्टरच्या आधीचा रविवार तो झावळ्यांचा; त्यानंतरच्या सोमवारी तिनं सांगितलं. मुलानं पनवेलला फ्लॅट घेतला होता. जूचंद्रचं घर बिल्डरला द्यायचं ठरलं होतं. देवीची चैत्रातली जत्रा झाली की ते सगळे जाणार होते. सून नोकरीला, नातू लहान, त्याला बघायला ती हवी. हे सगळं तिनं चिमटा हातात धरून, डोळा दुर्बिणीला लावूनच सांगितलं. मी पुढची नळी उचलली. मंगळवार गेला. बुधवारी ती चपला घालत होती तेव्हा मी म्हटलं, “सुलभा, तू इथंच राहा ना. घर मोठं आहे. मी एकटीच आहे.”

ती एक चप्पल घालून थांबली.

“ताय, तू बोललीस, मना बरा वाटला,” ती म्हणाली. “पन मी यं रायली तं पोराला लोक काय बोलतील? आयेला दुसऱ्याच्या घरान ठेवली?” मग दुसरी चप्पल पायात सारत: “आनि नातवाला सोरून मना झोप नाय यायची.”

तिचं बरोबर होतं. मला राग आला नाही. मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले, बस आली, ती गेली.

ईस्टरच्या दुपारी मी तिला जेवायला बोलावलं होतं, ऋतुजालाही. फडकं काढलं. ऋतुजानं आपला चांगला प्लेअर आणला आणि त्याला आम्ही केलेली पिन लावली. एका जुन्या सिनेमाची रेकॉर्ड होती. गाणं सुरू झालं तशी सुलभा पुढे सरकली, आणि पहिलं कडवं संपता संपता तिचा हात सवयीनं वर गेला, पिन उचलायला. मीही तेच करणार होते. गाळ्यात आम्ही प्रत्येक रेकॉर्ड तेवढीच ऐकायचो. पिन सरळ आहे एवढं कळलं की उचलायची, पुढची लावायची. शेकडो गाण्यांची तोंडं आम्हाला पाठ होती. त्यांतलं एकही आम्ही शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. सुलभानं हात खाली घेतला. आम्ही तिघी गाणं संपेपर्यंत बसलो, आणि संपल्यावर पिन आतल्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली तरी कुणी उठलं नाही.

जत्रेला मी गेले. तिनं बोलावलं होतं. तिच्या घरी पाहुणे मावत नव्हते, तिनं सुनेला माझी ओळख करून दिली, “ही माझ्या कंपनीतली ताय.” मी प्रसाद घेतला, थोडा वेळ बसले. निघताना ती रिक्षापर्यंत आली. तिथे तिनं विचारलं, “आता कोनाला दाखवशील?”

कुणालाच नाही, असं मी सांगितलं. ऋतुजा कानानं तपासेल, पण चिकट पदार्थ सुकायच्या आत, कणी सरळ करता येते तोवर, बघायला हवं ते कोण बघणार? काही वाया जातील.

“मंग मना पाठव,” ती म्हणाली. “सुकलेल्या तं सुकलेल्या. वाकरी कुठली ती तरी सांगन.”

एक दुर्बीण तिच्याकडे गेली. तेव्हापासून मी पिनांची लहान डबी कुरियरनं पनवेलला पाठवते आणि काही दिवसांनी ती परत येते. आत कापसावर पिना ओळीनं लावलेल्या असतात. सरळ त्या सुलट्या, वाकड्या त्या उलट्या. चिठ्ठी नसते. पहिल्या वर्षी मी डबी उघडायचे ती परीक्षेचा निकाल उघडावा तशी. दोन-तीन तरी उलट्या असायच्याच. मी त्या काढून पुन्हा बसवायचे, आणि मनात तिच्याशी वाद घालायचे की ही तर सरळ आहे गं. दुर्बिणीत बघितलं की वाकडी निघायची.

गेल्या पावसाळ्यानंतर डबीत उलटी पिन यायची थांबली. एकामागून एक डब्या आल्या, सगळ्या पिना सुलट्या. मला वाटलं, माझा हात सुधारला. मग ऋतुजा आली. तिला कसं सांगावं कळत नव्हतं. काही पिना डाव्या कानात जड वाजतात, म्हणाली. तिनं परत आणलेल्या पिना मी तशाच ठेवल्या आणि बऱ्याच दिवसांनी, डोळा त्यांना विसरल्यावर, दुर्बिणीखाली घातल्या. त्या उघड कललेल्या होत्या. नवखी मुलगीसुद्धा सांगू शकली असती.

मी पनवेलला फोन केला. फोन सुनेनं उचलला, सुलभा नातवाला घेऊन खाली गेली होती. मी आडून विचारलं, तब्येत कशी आहे, डोळे कसे आहेत. सून म्हणाली की काचबिंदू निघालाय, एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, दुसऱ्यानं अंधूक. औषध चालू आहे, पण गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला सांगितलं नाही आईंनी?” तिनं विचारलं. मग म्हणाली, “तुमची डबी आली की मात्र खिडकीशी बसतात. दिवसभर. आम्हाला कुणाला हात लावू देत नाहीत.”

त्यानंतर मी काय करावं याचा विचार केला. डबी पाठवणं थांबवलं असतं तर तिला कारण सांगावं लागलं असतं. आता मी कणी बसवते, वाळू देते, आणि पिना आधी ऋतुजाला वाजवून तपासायला देते. वाकड्या बाजूला होतात. उरलेल्या, चांगल्या, डबीत कापसावर ठेवून पनवेलला पाठवते.

आज चर्चमधून आले तेव्हा तिची डबी आली होती. कपाळावरची राख तशीच होती. मी डबी उघडली. सगळ्या पिना सुलट्या, एका ओळीत, टोकाशी टोक जुळवून लावलेल्या. नजर गेलेल्या माणसानं बोटांनी चाचपून लावल्या असतील तर किती वेळ लागला असेल, ते मला ठाऊक आहे. मी फोन लावला. मागे नातवाचा आवाज, कुकरची शिट्टी.

“मिलाली डबी?” सुलभा म्हणाली. “एक पन वाकरी नाय, ताय. सगल्या नीट बघितल्या मी. आता बसला तुझा हात.”

“हो,” मी म्हटलं. “तू बघतेस म्हणून.”